संगणकापुढची घेरी

व्यापारी घराण्यांच्या पेढीवर लाल कापडाच्या बांधणीची चोपडी आता बहुतेक ठिकाणी पूजनापुरती उरली आहे. रोजमेळ, खतावणी, मालाचा साठा, येणे-देणे हे सारे संगणकाच्या पडद्यावर गेले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि पेढीचे पंचांगच बदलले. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला ११ तारखेपर्यंत विक्रीचे विवरण द्यावे लागते, १४ तारखेला खरेदीवरील कराच्या वजावटीचा तक्ता तयार होतो आणि २० तारखेपर्यंत गोषवारा भरून कर जमा करावा लागतो. या तारखा जवळ आल्या की पेढीवरील एक तरी व्यक्ती सकाळपासून रात्रीपर्यंत पडद्यासमोर बसून असते. कधी ती घरातील सून असते, कधी धाकटा भाऊ, कधी वर्षानुवर्षे विश्वासाने काम पाहणारे मुनीमजी.

अशा काही व्यक्तींची एक तक्रार असते आणि ती सांगताना त्यांना नेमके शब्द सापडत नाहीत. पडद्यावरच्या ओळी भराभर वर सरकू लागल्या की पायांखालची फरशी होडीसारखी डुलते. मळमळते, डोके जड होते, उजेड टोचू लागतो. आकडे दिसतात, परंतु त्यांचा अर्थ लागण्यास विलंब होतो. संगणक बंद केल्यावरही ते डुलणे कित्येक तास अंगात राहते. मग डोळ्यांचा नंबर तपासला जातो. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन पाहिले जाते. मानेचा एक्स-रे निघतो. सारे ठीक निघाल्यावर घरात कोणी मोठ्याने न विचारलेला प्रश्न उभा राहतो: हा त्रास खरा आहे की कामाचा कंटाळा?

त्रास खरा असतो. त्याच्यामागे पुष्कळदा असणाऱ्या विकाराचे नाव व्हेस्टिब्युलर मायग्रेन. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ग्रासणारी ही अर्धशिशी होय. शंभरांत सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा तरी ती गाठते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक आहे.

तीन वह्यांचा मेळ

माणसाचा तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर उभा असतो. पहिली माहिती अंतर्कर्णाची. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळताच त्यांतील द्रव हलतो आणि वळण्याची दिशा व गती मेंदूला कळते. त्यांच्या शेजारच्या दोन लहान पिशव्यांतील सूक्ष्म स्फटिक सरळ रेषेतील हालचाल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतात. दुसरी माहिती डोळ्यांची. तिसरी पायांचे तळवे, सांधे आणि मानेचे स्नायू यांची. मेंदू या तीन वह्या क्षणोक्षणी एकमेकींशी ताडून पाहतो आणि मेळ बसला की माणसाला स्थिर वाटते.

आकड्यांचा लांब तक्ता झरझर वर सरकतो तेव्हा डोळे हालचालीची नोंद करतात, तर अंतर्कर्ण आणि खुर्चीवर टेकलेले शरीर स्थैर्याची. फलाटावर थांबलेल्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला शेजारची गाडी सुटताच क्षणभर आपलीच गाडी निघाल्याचा भास होतो, तो याच विसंगतीमुळे. निरोगी मेंदू हा फरक चटकन खोडून टाकतो. मायग्रेनची प्रवृत्ती असलेला मेंदू प्रकाश, आवाज, वास आणि हालचाल यांच्या बाबतीत मुळातच अधिक संवेदनशील असतो. त्याला हा फरक दुर्लक्षिता येत नाही. परिणामी घेरी येते. दोष डोळ्यांत नसतो आणि बहुधा कानातही नसतो. तिन्ही वह्या बरोबर असतात. मेळ घालणारा दमलेला असतो. म्हणूनच डोळे आणि कान यांच्या तपासण्या पुष्कळदा निर्दोष येतात.

तोलाच्या या यंत्रणेचा पाया घालणाऱ्यांत व्हिएन्ना येथील वैद्य रॉबर्ट बारानी यांचे स्थान मोठे आहे. कानात थंड वा कोमट पाणी सोडले असता बुबुळे ठरावीक दिशेने का हलतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९१४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांच्याच नावाने चालणाऱ्या बारानी सोसायटीने आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेच्या सहकार्याने २०१२ साली या विकाराचे निकष निश्चित केले. त्यांनुसार ५ मिनिटे ते ७२ तास टिकणारे, मध्यम किंवा तीव्र घेरीचे किमान ५ झटके येऊन गेलेले असावेत. मायग्रेन सध्या असावे किंवा पूर्वी होऊन गेलेले असावे. आणि निम्म्या तरी झटक्यांत मायग्रेनचे एखादे लक्षण सोबत असावे. ते लक्षण म्हणजे अर्धशिशीच्या धर्तीची डोकेदुखी, उजेड व आवाज दोन्ही असह्य होणे, किंवा डोळ्यांपुढे नागमोडी चमचमत्या रेषा दिसणे. दुसऱ्या कोणत्याही विकाराने त्रासाचा अधिक चांगला उलगडा होत नाही, हेही पाहिले जाते.

यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घेरीच्या वेळी डोके दुखलेच पाहिजे असे नाही. तरुणपणी अर्धशिशीने हैराण असलेल्या अनेक स्त्रियांची डोकेदुखी रजोनिवृत्तीच्या सुमारास ओसरते आणि तिच्या जागी घेरी येऊ लागते. वीस वर्षांपूर्वीच्या डोकेदुखीचा आजच्या चकरेशी काही संबंध असेल, असे त्यांना स्वतःलाही वाटत नाही आणि त्या डॉक्टरांना ते सांगत नाहीत. निदान मुख्यतः हकिगतीवर ठरत असल्यामुळे हा न सांगितलेला भागच बहुमोल असतो.

इतर कारणे आणि धोक्याच्या खुणा

प्रत्येक चक्कर या विकाराचीच असते असे नाही. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर पाहताना सर्वकाही गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, तेव्हा अंतर्कर्णातील स्फटिक जागचे सुटून नलिकेत शिरलेले असण्याचा संभव असतो. डोके विशिष्ट क्रमाने फिरवून डॉक्टर ते जागी आणतात. घेरीबरोबर एका कानात दडा बसणे, आवाज येणे आणि ऐकू कमी येणे ही मेनिएर विकाराची लक्षणे होत. रक्तक्षय, रक्तदाब, साखर उतरणे आणि काही औषधेही चक्कर आणतात. मानेच्या मणक्यांकडे मात्र आपल्याकडे गरजेपेक्षा लवकर बोट दाखवले जाते. चाळिशीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत झीज दिसतेच आणि तीच घेरीचे कारण असेल असे नव्हे. यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांचा सल्ला घेणे इष्ट.

काही प्रसंगी मात्र क्षणाचाही विलंब नको. अचानक तोल जाऊन उभे राहता न येणे, बोलणे अडखळणे, एक वस्तू दोन दिसणे, चेहरा वाकडा होणे, हातापायांतील शक्ती जाणे, एकाएकी ऐकू येणे बंद होणे किंवा पूर्वी कधी न अनुभवलेली भयंकर डोकेदुखी, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे अर्धशिशीचा विचार नंतर, मेंदूच्या आघाताचा आधी.

गादीवरील अवघडलेपण

या विकाराचे खरे ओझे घेरीपेक्षाही अविश्वासाचे असते. हाड मोडले तर प्लास्टर दिसते, ताप आला तर थर्मामीटर सांगतो; येथे दाखवण्यास काहीच नसते. सकाळी हसतमुख असलेली व्यक्ती दुपारी तीन वाजता भिंतीचा आधार घेत उठते आणि संध्याकाळी पुन्हा बरी दिसते. पाहणाऱ्यांना यात संगती लागत नाही.

अशा वेळी कुटुंबाकडून दोन प्रकारची वागणूक होते आणि दोन्ही सद्‌हेतूनेच होतात. पहिली म्हणजे ‘थोडे सोसावे लागते, व्यापार असाच होतो’ हा उपदेश. त्यामुळे माणूस त्रास लपवू लागतो, चकरेच्या गोळ्या खिशात बाळगतो आणि घेरीतच बिले नोंदवतो. मग एखाद्या नोंदीत शून्य वाढते किंवा करक्रमांकाचा एक अंक चुकतो. ती चूक निष्काळजीपणाच्या खात्यावर मांडली जाते. दुसरी वागणूक म्हणजे ‘तुम्ही आता संगणकाला हातच लावू नका’ असे म्हणून काम काढून घेणे. वीस वर्षे हिशेब सांभाळलेल्या माणसाला हे विश्रांतीसारखे वाटत नाही, विश्वास गेल्यासारखे वाटते. शिवाय पडदा पूर्ण वर्ज्य केल्याने मेंदूची सवय मोडते आणि पुढे थोडीशी हालचालही अधिक खुपू लागते. विवाहयोग्य मुलगी किंवा मुलगा असेल, तर लोक काय म्हणतील या धास्तीने निदानच लांबणीवर पडते.

या दोहोंच्या मधला मार्ग आहे. माणूस तोच, काम तेच. कामाची मांडणी बदलायची. मोठ्या कचेरीत खुर्ची हलवण्यासाठीही अर्ज करावा लागतो. घरच्या पेढीवर वडीलधाऱ्यांनी एक शब्द टाकला की दिवा बदलतो, वेळ बदलते, कामाची वाटणी बदलते. व्यापारी कुटुंबाच्या हातातील ही मोठी सोय आहे.

पडदा, दिवा आणि खुर्ची

पहिला उपाय पडद्यावरील हालचाल कमी करणे. उंदराचे चाक फिरवून तक्ता सरकवला की ओळी वाहू लागतात. त्याऐवजी कळफलकावरील पेज डाउन कळ दाबली की एक पान जाऊन दुसरे येते, मध्ये वाहणे नसते. टॅलीवर काम करणाऱ्यांना याचा सराव असतोच. एफ ५ ने पेमेंट, एफ ६ ने पावती, एफ ८ ने विक्री, एफ ९ ने खरेदी अशा कळांवर सारा व्यवहार उंदराला हात न लावता होतो. एक्सेलमध्ये वरची शीर्षके फ्रीझ करावीत आणि शेकडो ओळींतून शोधत जाण्याऐवजी फिल्टर लावून हव्या तेवढ्याच ओळी समोर घ्याव्यात. अक्षर मोठे करावे.

खिडक्या उघडता-मिटताना होणारी सरकती हालचालही बंद करता येते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी या विभागात ॲनिमेशन इफेक्ट्स बंद करण्याची सोय आहे. आयफोनमध्ये ‘रिड्यूस मोशन’ आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘रिमूव्ह ॲनिमेशन्स’ या नावाने ती मिळते. २०१३ साली आयफोनच्या नव्या प्रणालीत पडदा झेप घेतल्यासारखा पुढे-मागे होऊ लागला, तेव्हा अनेक वापरकर्त्यांनी मळमळ व चक्कर येत असल्याच्या तक्रारी केल्या आणि कंपनीने हालचाल कमी करण्याच्या त्या सोयीची व्याप्ती वाढवली. जगभरच्या वापरकर्त्यांना जाणवलेली ही गोष्ट आहे. ती एका घरातील एका व्यक्तीची कल्पना नव्हे.

दुसरा उपाय उजेडाचा. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण संवेदनशील मेंदूला ते जाणवू शकते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात कचेरीतील असे दिवे बदलून न लुकलुकणारे दिवे लावल्यावर डोकेदुखी व डोळ्यांचा ताण यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. स्वस्त एलईडी दिव्यांतही हा दोष असू शकतो. पेढ्यांवर आणखी एक गोष्ट सर्रास दिसते: दिवा वर आणि पंखा खाली. फिरती पाती प्रकाश कापत राहतात आणि वहीवर, पडद्यावर, भिंतीवर सावल्यांची थरथर चालू राहते. दिवा किंवा बैठक दोन-तीन हात सरकवली तरी हे थांबते. खिडकी पडद्याच्या मागे किंवा पाठीशी नसावी, बाजूस असावी. घरातल्या घरात काळा चष्मा मात्र लावून बसू नये. डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही अधिक टोचतो. गुलाबी छटेची खास भिंगे काहींना उपयोगी पडतात. ती डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली आणि अंतर हातभर असावे. दूरचे व जवळचे दोन्ही नंबर एकाच भिंगात असलेल्या चष्म्यातून पडदा पाहताना मान सतत वर-खाली होते. संगणकासाठी एकाच नंबराचा वेगळा चष्मा बरा. बिलांचा गठ्ठा मांडीवर न ठेवता पडद्याशेजारी उभा लावावा. सीसीटीव्हीचा हलता पडदा नजरेच्या कडेला नको. धावत्या गाडीत मोबाइलवर भाव पाहणे किंवा सरकत्या चित्रफिती बघणे टाळावे.

कामाचे वेळापत्रक

तिसरा उपाय सर्वांत परिणामकारक आणि बिनखर्ची आहे: काम पसरून करणे. समजा, एका घाऊक पेढीवर महिन्याला ६०० बिले होतात. शेवटच्या चार दिवसांवर ढकलली तर रोज १५० नोंदी होतात. कामाच्या २५ दिवसांत वाटली तर रोज २४. पहिल्या पद्धतीत घेरी जवळपास ठरलेली, दुसरीत काम तासाभरात उरकते. ११ आणि २० या तारखांच्या आदल्या दिवशी मग फक्त पडताळणी राहते. पडताळणी शक्य तेथे छापील कागदावर करावी. अवघड नोंदी सकाळी, ताज्या डोक्याने कराव्यात. वसुलीचे फोन, मालाची मोजदाद, गिऱ्हाइकांशी बोलणी ही पडद्याविना होणारी कामे दुपारसाठी ठेवावीत. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद नजर वीस फुटांपलीकडे न्यावी आणि तासातून एकदा उठून चार पावले चालावे.

घेरी आलीच तर हट्टाने ओळ पूर्ण करू नये. काम सेव्ह करून पाय जमिनीवर घट्ट टेकावेत, नजर एखाद्या स्थिर वस्तूवर ठेवावी, पाणी प्यावे आणि शक्य तर शांत, मंद उजेडाच्या जागी बसावे. त्या अवस्थेत दुचाकी चालवू नये, गोदामातील शिडीवर किंवा माळ्यावर चढू नये, मोठ्या रकमेचा व्यवहार पुरा करू नये. पेढीवरील दुसऱ्या एका व्यक्तीला विवरण भरण्याची रीत शिकवून ठेवली, तर एका माणसाच्या एका वाईट दिवसाने तारीख चुकत नाही. आजारी माणसाच्या मनावरचा मोठा भारही त्यानेच उतरतो.

औषध, व्यायाम, आहार

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या झटक्याच्या वेळी, थोड्या दिवसांसाठी असतात. दुकानातून परस्पर आणून त्या महिनोन्‌महिने घेतल्यास मेंदूची तोल सावरून घेण्याची स्वाभाविक क्रिया मंदावते. सिनारिझिन व फ्लुनारिझिन यांसारखी औषधे दीर्घकाळ घेतल्यास, विशेषतः वृद्धांत, कंप व ताठरपणा येऊ शकतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी सुरू होते. झटके वारंवार येत असतील तर ते टाळण्याची रोजची औषधे आहेत. रुग्णाचे वय, रक्तदाब, दमा, गर्भावस्था पाहून डॉक्टर ती निवडतात आणि त्यांचा गुण कळण्यास काही आठवडे जावे लागतात. झटके आटोक्यात आल्यावर तोलाचे व्यायाम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत. हातातील एका अक्षरावर नजर रोखून डोके हळूहळू डावी-उजवीकडे हलवणे, सरकता पडदा आधी मिनिटभर आणि मग क्रमाने अधिक वेळ पाहणे, असे ते असतात. त्यांत घाई करून चालत नाही.

झोपेची व जेवणाची अनियमितता, पाणी कमी पडणे आणि मानसिक ताण हे मायग्रेनचे परिचित प्रेरक आहेत. येथे व्रतस्थ कुटुंबांनी थोडा विचार करावा. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम असेल तर सायंकाळचे जेवण पेढीच्या गर्दीत हुकू देऊ नये आणि दिवसभराचे पाणी उजेडीच पुरे करावे. पाणी सोडणाऱ्यांनी उन्हाळ्यात हे विशेष पाळावे. रोज चार-पाच कप चहा घेणाऱ्याने उपवासाच्या दिवशी तो एकदम सोडला तर दुसऱ्याच दिवसापर्यंत डोके धरते. चहा आठवडाभर आधीपासून कमी करावा. दीर्घ उपवासाचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा, आणि विवरणाची अखेरची तारीख व उपवास एकाच दिवशी येऊ देऊ नये. तपाचे प्रकार बारा सांगितले आहेत, त्यांत अनशन हा एक. स्वाध्याय हेही तपच, आणि आजाऱ्याची सेवा म्हणजे वैयावृत्त्य हेही. घरातील एकाला उपवास झेपत नसेल तर त्याला लाज वाटू न देणे हे इतरांच्या हाती असते.

दोन महिन्यांची नोंदवही

हिशेबाची सवय असलेल्या घराला एक काम सहज जमेल. साध्या वहीत दोन महिने रोज एक ओळ लिहावी: झोप किती, जेवणाच्या वेळा, पडद्यापुढचे तास, मासिक पाळीची तारीख, घेरी आली का, किती वेळ टिकली, त्या आधी काय चालले होते, कोणती गोळी घेतली. दोन महिन्यांअखेर ही वही डॉक्टरांपुढे ठेवली तर निदानाला तिचा मोठा आधार मिळतो. ‘मधूनमधून चक्कर येते’ या वाक्यातून जे कळत नाही ते तिच्यातून कळते. घरच्यांनाही झटक्यांतील संगती तीतूनच दिसू लागते, आणि संगती दिसली की संशय ओसरतो.

वही रुग्णाने एकट्याने लिहू नये. पतीने, सासूबाईंनी किंवा भावाने संध्याकाळी दोन मिनिटे शेजारी बसून विचारावे आणि लिहावे. येत्या महिन्याच्या १ तारखेला ती सुरू करावी. ११ तारीख येईपर्यंत कोणता दिवा हलवायचा आणि कोणते काम कोणाकडे द्यायचे, हे बहुधा तिच्यातच दिसू लागलेले असेल.